नोकरीचा घोर आणि विडीचा झुरका

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहशिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यसनमुक्तीवर भाषण म्हटले की श्रोते आधी घड्याळाकडे पाहतात. विडी वाईट, सिगारेट वाईट, तिने कर्करोग होतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. पाकिटावर त्याचे चित्रच छापलेले असते, आणि ते चित्र पाहत पाहतच माणूस काडी ओढतो. तेव्हा ते पुराण मी लावणार नाही. तंबाखू हराम की मकरूह हा प्रश्न उलेमांचा. तो मी त्यांच्याकडेच सोपवतो. मला बोलायचे आहे ते निराळ्या माणसाविषयी. ज्याला विडी सोडायची मनापासून इच्छा आहे, पण नोकरीच्या घोराने ज्याचे मन आधीच खचलेले आहे, अशा माणसाविषयी. तो आपल्या मोहल्ल्यात आहे, कदाचित आपल्या घरातही आहे.

ह्या माणसाचे एक ठरलेले वाक्य असते. "आधी हे कामाचे टेन्शन संपू द्या, मग सोडतो." हे वाक्य मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिणाऱ्याकडून ऐकले आहे, साताऱ्याच्या स्टँडवर एस.टी.च्या कंडक्टरकडून ऐकले आहे, आणि शिक्षकांच्या खोलीत तर ते मधल्या सुट्टीइतके नियमित ऐकू येते. आमच्या धंद्यापुरते बोलायचे तर टेन्शन खोटे नाही. शिकवण्याचे काम असतेच. वर ऑनलाइन माहिती भरा, मतदारयाद्यांचे काम करा, निकाल वाढवा, आणि पट कमी झाला की संचमान्यतेत आपण अतिरिक्त ठरू की काय ह्या धास्तीने जून-जुलै काढा. विनाअनुदानित शाळेतल्या बांधवांची स्थिती तर विचारूच नका. त्यांतले काही जण शाळा सुटल्यावर दुकानात बसतात. मोटारीवरचा ड्रायव्हर, विट्याच्या यंत्रमागावरचा कामगार, एम.आय.डी.सी.त कंत्राटावर लागलेला आपला शिकलेला मुलगा, प्रत्येकाचा घोर आपापला. तो घोर मी कमी लेखत नाही. परंतु त्या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात एक मोठी फसगत आहे, आणि ती फसगत विडी स्वतः करते.

ती कशी, हे जरा सावकाश पाहू. धूर आत घेतल्यापासून सुमारे दहा सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते. मन क्षणभर थाऱ्यावर येते, हे खरे आहे. पण रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, आणि ते उतरू लागले की मेंदू मागणी करू लागतो. त्या मागणीचे स्वरूप काय? अस्वस्थपणा, चिडचिड, कामात लक्ष न लागणे, छातीत उगाच हुरहुर. आता सांगा, नोकरीच्या ताणाचे स्वरूप तरी ह्याहून वेगळे आहे काय? हेडमास्तरांनी बोलावले म्हणून जी हुरहुर वाटते आणि तास संपता संपता विडीच्या ओढीने जी हुरहुर वाटते, त्या दोन्ही माणसाला एकसारख्याच जाणवतात. तो बाहेर जाऊन विडी ओढतो. दुसरी हुरहुर शमते. त्याला वाटते, पहिली शमली. हेडमास्तर जिथल्या तिथे असतात! दिवसातून पंधरा वेळा हा प्रकार घडला की माणसाची खात्री पटते की विडीवाचून मी नोकरी करूच शकणार नाही. वस्तुतः पंधरांतली बरीचशी अस्वस्थता आदल्या विडीनेच मागे ठेवलेली असते.

हे खरे की खोटे, ते ताडून पाहायला प्रयोगशाळा नको. सातारा-सांगली एस.टी. पुरेशी आहे. माझे घर साताऱ्याला आणि नोकरी सांगलीकडे, त्यामुळे हा प्रवास मी अनेक वर्षे करीत आहे. गाडीत धूम्रपानास बंदी. कराड जाते, पेठ नाक्याला गाडी महामार्ग सोडते, सांगली येते. एवढ्या वेळात रोज तासाला एक विडी ओढणारा माणूस खिडकीला डोके टेकून झोपलेला असतो. त्याची ओढ जाते कुठे? आणि तोच माणूस स्टँडवर पाय ठेवताक्षणी खिसा का चाचपतो? गाडीत विडी मिळणारच नाही हे मनाने मान्य केलेले असते, म्हणून मन तिच्याशी वाद घालीत बसत नाही. उतरताच वाद सुरू.

ह्याहून मोठा दाखला आपल्याकडे दरवर्षी एक महिना असतो. रमजानमध्ये सहरीपासून इफ्तारपर्यंत, आपल्या भागात तेरा-चौदा तास, अट्टल ओढणाराही विडीला शिवत नाही. नोकरी त्या महिन्यातही असते. साहेब रमजानमध्ये गोड होतात असा अनुभव निदान मला नाही. तरीही कामे होतात, तास होतात, फायली हलतात. ज्याला "विडीशिवाय पेन चालत नाही" असे वाटते, त्याचे पेन त्या तीस दिवसांत चाललेले असते. पण पुष्कळ जण खजूर तोंडात टाकून पाण्याचा घोट घेतात आणि मगरिबनंतर लगेच बाहेर येऊन पेटवतात. निकोटिन दोन तासांत निम्मे होते, तर चौदा तासांनी ते जवळजवळ संपलेले असते. म्हणजे विडी सोडण्यातला पहिला टप्पा हा माणूस रोज पार करतो, आणि रोज संध्याकाळी परत सुरुवातीला येऊन उभा राहतो. एका दृष्टीने पाहिले तर विडी कायमची सोडण्यापेक्षा हे अधिक कष्टाचे आहे. ईदनंतर न ओढण्याचा निश्चय करणाऱ्याने आपण हे काम तीस वेळा केलेले आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

आता पुढचा भाग, जो व्यसनमुक्तीच्या भाषणांतून सहसा सुटतो. विडी थांबवल्यावर मनाला काय होते? मी स्वतः बी.एड.च्या दिवसांपासून सिगारेट ओढत होतो आणि चौतिसाव्या वर्षी थांबवली, म्हणून हे थोडे अधिकाराने सांगतो. दुसरा आणि तिसरा दिवस सर्वांत जड. आठवीच्या वर्गात खडू तुटला तरी मला राग आला. रात्री झोप तुटक, दिवसा भूक फार, आणि दुपारनंतर विनाकारण उदास वाटे. घरी जाऊन कोणाशी बोलूच नये असे वाटे. वैद्यकशास्त्र सांगते की ही लक्षणे पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला पोहोचतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. हे आधी माहीत असले तर माणूस तारखा मोजत बसतो. माहीत नसले तर म्हणतो, "बघा, विडी सोडली आणि डोके बिघडले."

चहाची एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. धुरातल्या काही द्रव्यांमुळे ओढणाऱ्याचे यकृत चहा-कॉफीतले कॅफिन नेहमीपेक्षा भराभर निकालात काढते. धूर थांबला की हा वेग काही दिवसांत खाली येतो. कप मात्र पूर्वीइतकेच! किंबहुना विडीच्या जागी चहा म्हणून दोन कप जास्तच. मग तेच कॅफिन रक्तात जास्त वेळ राहते. धडधड होते, हात थरथरतात, झोप उडते, आणि बोल लागतो विडी सोडल्याला. तेव्हा त्या आठवड्यापासून चहा निम्म्यावर आणावा. (मिश्री लावणाऱ्याला किंवा तंबाखू-चुना मळणाऱ्याला हे लागू नाही; त्यांत धूर नसतो.) धुरामुळे काही औषधांचेही असेच होते. मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांचे रक्तातले प्रमाण धूर थांबल्यावर वाढते. म्हणून अशा गोळ्या चालू असतील तर विडी सोडण्याआधी डॉक्टरांना तसे सांगावे. ते मात्रा बदलतील. आपण आपल्या मनाने गोळ्या कमी-जास्त करू नयेत.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ साताऱ्यात एका कचेरीत लिपिक आहेत. त्यांना आम्ही चाचा म्हणतो, वय तसे फार नाही. त्यांनी विडी सोडली आणि दहा दिवसांनी परत धरली. मला म्हणाले, "सर, फाइल समोर आली की डोळ्यांत पाणी येते. विडी ओढली की निदान सही तरी करता येते." मी त्यांना विचारले, हे रडू विडी सोडल्यावर सुरू झाले की आधीपासून होते? ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांच्या पत्नीनेच सांगितले की वर्ष होत आले, ते पहाटे तीनला उठून बसतात, जेवणात लक्ष नाही, धाकट्या मुलीशी पूर्वी कॅरम खेळत असत ते बंद आहे, आणि "माझ्यावाचून तुमचे बरे चालेल" असे एक-दोनदा बोलून गेले आहेत.

हा फरक आपण सर्वांनी शिकून घेतला पाहिजे. विडी सुटल्याने येणारी उदासी विडी थांबवल्यानंतर सुरू होते, लाटेसारखी येते-जाते, आणि आठवड्यागणिक उतरते. नैराश्य हा आजार निराळा आहे. त्यात दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा त्याहून अधिक मन खिन्न राहते किंवा कशातच गोडी वाटत नाही. झोप, भूक, शक्ती बिघडते. आपण कुचकामी आहोत असे वाटू लागते. मरणाचे विचार येतात. चाचांना हा आजार विडी सोडण्याच्या पुष्कळ आधीपासून होता. धुराने तो झाकलेला होता, इतकेच. असे मरणाचे बोल घरात कोणी बोलले तर "नमाज पढ, सब ठीक हो जाएगा" एवढ्यावर त्याला सोडू नका. नमाज त्याला आधार देईल, डॉक्टर त्याला उपचार देईल, दोन्हींचे भांडण नाही. त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि तोवर एकटे ठेवू नका.

पण मग प्रश्न येतो, आधी आजार बरा करायचा की आधी विडी सोडायची? पूर्वी डॉक्टरमंडळीही म्हणत, बिचाऱ्याच्या मनाची अशी अवस्था, विडी तरी राहू द्या. ही समजूत आता मागे पडली आहे. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत ते सोडणाऱ्यांची चिंता, नैराश्य व ताण कमी झालेला आढळला, आणि मानसिक आजार असलेल्या लोकांतही तसेच दिसले. म्हणजे सुरुवातीचे आठवडे चढणीचे, पुढची वाट सुरुवातीपेक्षा सपाट. माझे म्हणणे असे की दोन्ही उपचार एकाच डॉक्टरांच्या नजरेखाली, बरोबरीने चालावेत. माणूस फारच खचलेला असेल तर विडी सोडण्याची तारीख डॉक्टर थोडी पुढे ढकलतील. मात्र "टेन्शन संपल्यावर" अशी तारीख कोणत्याच कॅलेंडरात नसते.

औषधांविषयी आपल्या लोकांत दोन भीती आहेत. एक, डोक्याच्या गोळ्यांची सवय लागते. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची विडीसारखी तलफ लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि त्या एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवायच्या असतात. सवय लागण्याचा धोका आहे तो झोपेच्या व घबराटीच्या काही गोळ्यांना, ज्या लोक दुकानातून परस्पर मागून घेतात. म्हणजे ज्याला भ्यायला पाहिजे त्याला भीत नाहीत! दुसरी भीती, विडी सोडवणाऱ्या औषधांनी डोके फिरते. २०१६ साली आठ हजारांहून अधिक लोकांवरचा एक मोठा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात मानसिक आजाराचा इतिहास असलेले लोकही घेतले होते. व्हॅरेनिक्लीन आणि ब्युप्रोपिऑन ह्या औषधांनी मनाचे गंभीर त्रास लक्षणीय वाढल्याचे आढळले नाही. ह्यांतले ब्युप्रोपिऑन तर मुळात नैराश्यावरचेच औषध. ते सर्वांना चालत नाही, फिट येणाऱ्याला तर मुळीच नाही, म्हणून ती निवड डॉक्टरांची. निकोटिनचे च्युइंगम मिळते, पण लोक ते बडीशेपेसारखे चघळून थुंकतात आणि म्हणतात गुण नाही. ते थोडे चावायचे, गाल व हिरडीच्या मध्ये ठेवायचे, पुन्हा चावायचे. आणि आधी पंधरा मिनिटे चहा घ्यायचा नाही, कारण तोंड आंबट असले की निकोटिन नीट शोषले जात नाही.

हे उपचार पुण्या-मुंबईलाच मिळतात, असे समजू नका. मिरजेला डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली दवाखाना काढला तेव्हापासून ते गाव रोग्यांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. आज मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आपल्या हाताशी आहेत. आणि ह्या दोन जिल्ह्यांना जोडणारे एक नाव मी मुद्दाम घेतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५-२०१३) सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकले, मिरजेला एम.बी.बी.एस. झाले, साताऱ्यात त्यांनी दवाखाना चालवला. त्यांच्या अन्य मतांशी कोणाचे पटो न पटो. त्यांच्या पुढाकाराने साताऱ्यात 'परिवर्तन' संस्थेचे व्यसनमुक्तीचे काम उभे राहिले, आणि त्यांचे चिरंजीव डॉ. हमीद दाभोलकर हे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. व्यसन आणि मनाचा आजार ह्यांकडे एकत्र पाहण्याची दृष्टी अशी आपल्या दारातच आलेली आहे. त्याआधी १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले, तिथेही व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानले गेले. ज्याला दवाखान्याची पायरी चढायला लाज वाटते, त्याने आधी फोन करावा. १४४१६ हा सरकारचा 'टेली-मानस' क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालतो. मराठीतही बोलता येते. तंबाखू सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. ते पाकीट निदान एकदा वाचण्यासाठी हातात घ्यावे.

माता-भगिनींना दोन शब्द. घरातला माणूस विडी सोडतो तेव्हा ती तारीख घरात सर्वांना माहीत असू द्या. त्यानंतरचे तीन आठवडे तो चिडेल. त्याला त्या दिवसांत घरखर्चाचा हिशेब मागू नका, तो पुढे मागता येईल. आणि विडीच्या जागी तंबाखूची पुडी आली तर ते सोडणे नव्हे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, आणि धुराविना तंबाखू घेणारे २४.४ टक्के निघाले. आपल्या घरांतली मिश्रीची डबी ह्याच हिशेबात येते, हेही मोकळेपणाने बोलून घेऊ. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, मिश्रीची डबी फळीवर तशीच राहिली.

विद्यार्थी मित्रहो, अब्बांनी विडी आणायला पाठवले तर काय करायचे, असे मला नववीतल्या एका मुलाने विचारले होते. २००३ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखूचा कोणताही पदार्थ विकता येत नाही, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तर तो कोणालाच विकता येत नाही. तेव्हा अब्बांना अदबीने सांगावे की दुकानदार मला देणार नाही. पालकांनीही मुलाला त्या पेचात टाकू नये.

माझ्या वयाच्या पालकांना आणखी एक आकडा सांगतो. इंग्लंडमध्ये १९५१ पासून डॉक्टरमंडळींच्याच धूम्रपानाचा पन्नास वर्षे पाठपुरावा झाला. साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला सुमारे तीन वर्षे आयुष्य परत मिळाले, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, तिसाव्या वर्षी दहा. चाळिशीच्या अलीकडे असलेल्यांनी हे गणित घरी जाऊन पुन्हा करावे.

चाचा आता सरकारी रुग्णालयात जातात. गोळ्या चालू आहेत, रजा मिळाली होती, आता अर्धा दिवस टेबलावर बसतात. विडी सोडण्याची तारीख त्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवली आहे. पहिल्या भेटीला जाताना मी त्यांच्याबरोबर होतो. डॉक्टरांनी किती विड्या ओढता हे विचारलेच, पण त्याआधी विचारले की सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळाने ओढता. पाच मिनिटांच्या आत ओढणाऱ्याची पकड घट्ट, त्याला औषधाची मदत जास्त लागते. तासाभराने ओढणाऱ्याचे काम त्या मानाने सोपे. चाचांना उत्तर सुचेना. आपणांपैकी जे कोणी जाणार असतील, त्यांनी उद्या सकाळी उठल्यावर घड्याळात पाहून ठेवावे.